वीज गेली की किल्ली बदलते: रीड-ओन्ली बोर्डवर एसएसएचच्या किल्ल्या कायम कशा ठेवायच्या?

पंचगंगा_पंप

नमस्कार मंडळी. शिरोळ आणि हातकणंगले भागात उपसा सिंचनाच्या पंपांवर ३८ गेटवे (पंपाची यंत्रणा नेटवर्कला जोडणारे छोटे संगणक) आहेत. बोर्ड आय.एमएक्स ६ यूएलएलचा, ५१२ एमबी रॅम, ४ जीबी ईएमएमसी. सिस्टिम बिल्डरूट २०२४.०२ वर (छोट्या बोर्डांसाठी लिनक्सची इमेज बनवणारं साधन) बांधलेली, रूट पार्टिशन स्क्वॅशएफएस, म्हणजे त्यावर काहीच लिहिता येत नाही. तिसरं पार्टिशन एक्स्ट४, ते /डेटा वर माउंट होतं आणि त्यात मॉडबसची सेटिंग असतात. एसएसएचसाठी (दुरून सुरक्षित लॉगिन) ड्रॉपबेअर हा छोटा सर्व्हर.

अडचणी अशा:

शेतीच्या फीडरवर वीज पाळीनं येते, त्यामुळे बोर्ड रोज बंद-चालू होतो. प्रत्येक वेळी लॅपटॉपवर ‘रिमोट होस्ट आयडेंटिफिकेशन हॅज चेंज्ड’ ही भली मोठी सूचना. सध्या सगळेजण एसएसएच-कीजेन -आर (मोठा आर) मारून जुनी नोंद पुसतात आणि पुढे जातात.

पासवर्डऐवजी किल्लीनं लॉगिन करायचंय, पण /रूट/.एसएसएच मध्ये लिहायला गेलं की ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’. मग /डेटा/एसएसएच नावाचं फोल्डर करून ते /रूट/.एसएसएच वर बाइंड माउंट केलं (म्हणजे एक फोल्डर दुसऱ्याच्या जागी दिसेल असं). फाइल दिसते, तरी पासवर्ड मागतोच.

३८ ठिकाणी एकच पासवर्ड आहे. माहीत आहे, बोलू नका.

पावसाळ्यात नदीकाठच्या पंपहाऊसला जाता येत नाही. तेव्हा जे काही करायचं ते असं हवं की आपणच बाहेर अडकणार नाही. कमांड देवनागरीत लिहिल्या तरी चालतील, मला कळतात.

---

रंकाळा_रूट

आधी दोन किल्ल्या वेगळ्या करा, कारण तुमच्या दोन्ही तक्रारी दोन वेगळ्या फायलींच्या आहेत. बोर्डची स्वतःची ओळख म्हणजे होस्ट किल्ली, ती /ईटीसी/ड्रॉपबेअर मध्ये असते. कुणाला आत घ्यायचं त्याची यादी म्हणजे ऑथराइज्ड_कीज, ती /रूट/.एसएसएच मध्ये. पहिली हरवली की लॅपटॉप ओरडतो, दुसरी हरवली की बोर्ड पासवर्ड मागतो.

पहिलीचं कारण बिल्डरूटमध्येच आहे. तिथं /ईटीसी/ड्रॉपबेअर हे खरं फोल्डर नसतं, तो /व्हार/रन/ड्रॉपबेअर कडे जाणारा सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे बोट दाखवणारं नाव) असतो. एस५० ड्रॉपबेअर ही स्क्रिप्ट सुरू होताना तो लिंक काढून खरं फोल्डर करायला बघते. रूट लिहिता येण्यासारखं असेल तर ते जमतं आणि किल्ली टिकते. तुमचं स्क्वॅशएफएस आहे, म्हणून ती माघार घेते आणि रॅममध्येच फोल्डर करते. पुढे ड्रॉपबेअर -आर (मोठा आर) नं चालू होतो, म्हणजे पहिलं कनेक्शन आलं की किल्ली नसेल तर नवीन बनव. वीज गेली, रॅम साफ, नवीन किल्ली. त्यात बिघाड काहीच नाही, ठरवल्याप्रमाणेच चाललंय.

उपाय: बिल्डरूटच्या पोस्ट-बिल्ड स्क्रिप्टमध्ये टार्गेटच्या फोल्डरातला तो लिंक काढा आणि /डेटा/ड्रॉपबेअर कडे नवीन लिंक करा (एलएन -एसएफएन). एन विसरू नका, नाहीतर लिंकच्या जागी नाही, लिंकच्या पोटात लिंक तयार होते. एस५० ची स्क्रिप्ट फक्त /व्हार/रन/ड्रॉपबेअर कडे जाणाऱ्या लिंकलाच हात लावते, तुमच्या लिंकला नाही. तसाच /रूट/.एसएसएच चा लिंक /डेटा/रूट-एसएसएच कडे. मग बाइंड माउंटची भानगड नको.

/डेटा वर फोल्डर तयार करण्यासाठी एस४९ नावाची छोटी स्क्रिप्ट घाला. आकडा ५० पेक्षा लहान हवा, कारण त्या क्रमानंच चालतात. तिनं करायचं काम:

एक, /डेटा खरंच माउंट झालंय का ते माउंटपॉइंट -क्यू नं तपासा. बिझीबॉक्सचं माउंट -ए फाइलसिस्टिम तपासत बसत नाही, म्हणून एफएसटॅबमध्ये /डेटा ला ‘नोऑटो’ लावून ई२एफएससीके -पी आणि माउंट दोन्ही याच स्क्रिप्टमधून करा.

दोन, माउंट झालंच नाही तर /डेटा वर टीएमपीएफएस (रॅममधली तात्पुरती फाइलसिस्टिम) चढवा. नाहीतर ड्रॉपबेअरला किल्ली लिहायला जागा नाही आणि बोर्ड नेटवर्कवर दिसतो पण आत घेत नाही. पंपहाऊसला पाणी लागलेलं असताना असा बोर्ड म्हणजे डोक्याला ताप.

तीन, ड्रॉपबेअर आणि रूट-एसएसएच ही फोल्डरं ७०० परवानगीनं.

चार, ऑथराइज्ड_कीज नसेल तर इमेजमध्ये ठेवलेल्या फाइलची प्रत तिथं टाका, ६०० परवानगीनं. त्या फाइलमध्ये निदान एक आपत्कालीन सार्वजनिक किल्ली हवी. सार्वजनिक किल्ली इमेजमध्ये असायला काहीच हरकत नाही, ती गुपित नसते. तिची खासगी जोडी मात्र ऑफिसच्या कपाटात, पेनड्राइव्हवर, वर सांकेतिक वाक्य घालून.

बाइंड माउंट करूनही पासवर्ड का मागतोय ते मात्र लॉग बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. ड्रॉपबेअर -एफ -ई (दोन्ही मोठे) आणि वेगळ्या पोर्टवर -पी २२२२ असा हातानं चालवा, लॉगिन करून बघा, काय छापतो ते इथं टाका. एलएस -एलएन चं आउटपुटही टाका. नुसतं एलएस -एल नको, आकडे दिसले पाहिजेत.

---

पंचगंगा_पंप

लॉगमध्ये: ‘/रूट/.एसएसएच मस्ट बी ओन्ड बाय युझर ऑर रूट, अँड नॉट रायटेबल बाय ग्रुप ऑर अदर्स’.

एलएस -एलएन: फोल्डर ७७५, मालक १०००, ग्रुप १०००. फाइल ६६४, मालक १०००. पण मी तर बोर्डवर रूट म्हणूनच काम करतोय, हे १००० आलं कुठून?

---

शाहूपुरी_शेल

लॅपटॉपवरून आलं, भावा. /डेटा चं पार्टिशन तुम्ही लॅपटॉपवर टारनं भरलेलं दिसतंय. उबंटूत पहिल्या वापरकर्त्याचा नंबर १००० असतो आणि त्याचा युमास्क (नव्या फाइलची परवानगी ठरवणारा आकडा) बहुतेक वेळा ००२, म्हणून फोल्डर ७७५ आणि फाइल ६६४. टारनं तो मालक आणि ती परवानगी जशीच्या तशी उचलली, बोर्डवर रूट म्हणून उघडताना तशीच उतरवली. बोर्डवर १००० नंबरचा कुणी नाही, पण फाइलला त्याचं काय.

ड्रॉपबेअर तीन गोष्टी बघतो: होम फोल्डर, .एसएसएच आणि ऑथराइज्ड_कीज. तिन्हींचा मालक तो वापरकर्ता किंवा रूट हवा आणि ग्रुपला वा इतरांना लिहायची मुभा नको. एक जरी चुकलं तरी किल्ली बरोबर असूनही नाही म्हणतो. सिमलिंक असेल तर तो ज्याकडे जातो त्याची परवानगी बघतो, म्हणून रंकाळा यांचा लिंकचा मार्ग चालतो.

आत्तापुरतं: बोर्डवर सीएचओन -आर (मोठा आर) ०:० /डेटा/एसएसएच, मग सीएचमॉड ७०० फोल्डरला, ६०० फाइलला. पुढच्या वेळेसाठी: टार करताना --ओनर=० --ग्रुप=० द्या, आणि एस४९ मध्येही दर वेळी सीएचओन-सीएचमॉड ठेवा. दोन ओळी जास्तीच्या, पण कुणी पुन्हा लॅपटॉपवरून फाइल ढकलली तरी बूटनंतर ती सरळ होते.

उद्या ड्रॉपबेअर सोडून ओपनएसएसएच घ्यायचा विचार असेल तर तो आणखी खडूस आहे. तो खरा पत्ता काढून वरच्या /डेटा फोल्डरचीही परवानगी बघतो, ते ७७५ असेल तर नकार. आणि होस्ट किल्ल्या फॅट पार्टिशनवर ठेवल्यात तर तिथं प्रत्येक फाइल ७५५ दिसते, ‘परमिशन्स आर टू ओपन’ म्हणून ती किल्ली सोडूनच देतो. शॅडो फाइलमध्ये पासवर्डच्या जागी उद्गारचिन्ह असलं तर खातं कुलूपबंद समजून किल्लीनंही आत घेत नाही. तिथं उद्गारचिन्ह काढून चांदणी (*) घाला: पासवर्ड चालत नाही, किल्ली चालते.

किल्लीची ओळही तपासून घ्या. ईडी२५५१९ ची सार्वजनिक किल्ली शेवटचं नाव सोडून बरोबर ८० अक्षरांची असते: ११ अक्षरांचा प्रकार, एक मोकळी जागा, पुढे ६८. व्हॉट्सॲपवरून आलेली किल्ली हमखास दोन ओळींत तुटलेली असते. पुट्टी हा एसएसएच प्रोग्राम वापरणाऱ्यांनी ‘सेव्ह पब्लिक की’ नं सेव्ह केलेली फाइल देऊ नये, ती वेगळ्या साच्यातली असते. पुट्टीजेनच्या वरच्या चौकटीतली एक सलग ओळ कॉपी करायची.

---

तिसरी_पाळी

वरचं सगळं बरोबर, पण दोन मुद्दे राहिले, आणि तुमच्याकडे वीज रोज जाते म्हणून तेच जास्त चावतील.

पहिला, शून्य बाइटची किल्ली. एक्स्ट४ फाइलचा मजकूर लगेच डिस्कवर टाकत नाही, काही सेकंद थांबतो. किल्ली तयार झाली आणि तेवढ्यात वीज गेली तर नाव असतं, आत काही नसतं. पुढच्या बूटला ‘फेल्ड लोडिंग’, आणि फाइल तर आहेच. म्हणून पहिल्या कनेक्शनची वाट बघत -आर च्या भरवशावर राहू नका. एस४९ मध्येच असं करा:

फाइलमध्ये काहीतरी आहे का ते टेस्ट -एस नं बघा. -ई नं नको, -ई फक्त फाइल आहे का तेवढंच बघतो. रिकामी असेल तर पुसा. मग ड्रॉपबेअरकी -टी ईडी२५५१९ -एफ नं त्याच फोल्डरात ‘.नवी’ शेपटीच्या नावानं किल्ली बनवा, सिंक मारा, मग एमव्ही नं खऱ्या नावावर आणा आणि पुन्हा सिंक. एमव्ही एकाच फाइलसिस्टिममध्ये असेल तर एका झटक्यात होतं, अर्धवट अवस्था उरत नाही. आधी /टीएमपी त बनवून मग हलवलीत तर तो एमव्ही राहत नाही, कॉपी होते, आणि मूळ प्रश्न परत. ‘.नवी’ ची जुनी अर्धवट फाइल राहिली असेल तर सुरुवातीलाच पुसा.

ईडी२५५१९ च घ्या. ड्रॉपबेअरमध्ये हा प्रकार २०२०.७९ पासून आहे, तुमच्याकडे त्याच्या पुढचंच असणार. त्या छोट्या प्रोसेसरवर आरएसएची किल्ली बनायला वेळ लागतो, ही लगेच बनते.

दुसरा मुद्दा, एन्ट्रॉपी, म्हणजे किल्ली बनवायला लागणारा यादृच्छिकपणा. बोर्ड पहिल्यांदा चालू होतो तेव्हा त्याच्याकडे यादृच्छिकपणा फारसा नसतो: ना कीबोर्ड, ना माउस, ना फिरती डिस्क. २०१२ मध्ये संशोधकांनी इंटरनेटवरची उपकरणं तपासली तेव्हा राउटर आणि तशाच छोट्या पेट्यांमध्ये एकमेकांसारख्याच किल्ल्या सापडल्या, त्याचं एक मोठं कारण हेच. नवा कर्नल आणि नवा ड्रॉपबेअर असेल तर कर्नलची तयारी होईपर्यंत किल्ली थांबून बनते. थोडा उशीर होईल, होऊ द्या. बिझीबॉक्सचा सीडआरएनजी बंद होताना या यादृच्छिकपणाचं बी (सीड) साठवून ठेवतो, पण ते /व्हार/लिब मध्ये, आणि तुमचं तेही रीड-ओन्ली. -डी देऊन त्याला /डेटा/सीडआरएनजी दाखवा.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं: एक बोर्ड तयार करून, चालू करून, मग त्याच्या ईएमएमसीची जशीच्या तशी प्रत ३७ बोर्डांवर ओतू नका. तसं केलंत तर ३८ ठिकाणी एकच होस्ट किल्ली. एक पेटी कुणी उचलून नेली की सगळ्यांची ओळख त्याच्या हातात. इमेज काढण्याआधी /डेटा/ड्रॉपबेअर आणि /डेटा/सीडआरएनजी रिकामं.

मतभेद एकच. सिमलिंकपेक्षा सरळ /ईटीसी वर ओव्हरलेएफएस (रीड-ओन्ली फोल्डरवर लिहिता येणारा थर) चढवा असं काही जण सांगतील. ओपनडब्ल्यूआरटी तसंच करतं आणि तिथं ते शोभतं. तुमच्याकडे नको. एकदा ओव्हरलेमध्ये एखादी फाइल बदलली की नव्या इमेजमधली सुधारलेली फाइल कायमची झाकली जाते, आणि सहा महिन्यांनी ‘अपडेट केलं तरी जुनंच चालतंय’ म्हणून डोकं खाजवत बसाल. जे टिकवायचं तेवढंच /डेटा वर, बाकी सगळं इमेजचं.

---

पंचगंगा_पंप

टेबलावरच्या बोर्डवर चाललं. वीस वेळा प्लग काढून घातला, किल्ली तीच. मालकी दुरुस्त केल्यावर लॉगिनही किल्लीनं झालं. धन्यवाद मंडळी!

आता पुढचं. साइटवर ४जी सिम आहेत, बाहेरून थेट पोचता येत नाही. म्हणून बोर्डच आमच्या सर्व्हरकडे उलटा टनेल काढतो, डीबीक्लायंट (ड्रॉपबेअरचाच एसएसएच क्लायंट) वापरून. हातानं चालवला की चालतो, बूटमधून चालवला की लगेच मरतो. शिवाय वीज जाऊन आली की बराच वेळ पोर्ट मिळत नाही.

---

रंकाळा_रूट

इथं तिसरी आणि चौथी फाइल येते. डीबीक्लायंटला स्वतःची खासगी किल्ली लागते (-आय नं द्या, ती /डेटा/ड्रॉपबेअर/टनेल_की अशी ठेवा) आणि सर्व्हरची ओळख नोंदवायला नोन_होस्ट्स. हातानं चालवताना तो ‘विश्वास ठेवू का’ विचारतो, तुम्ही ‘वाय’ दाबता. बूटमध्ये विचारायला टर्मिनल नाही, म्हणून मरतो. आता /रूट/.एसएसएच /डेटा वर आहे, तेव्हा सर्व्हरची सार्वजनिक होस्ट किल्ली आधीच नोन_होस्ट्समध्ये लिहून ठेवा. बूट स्क्रिप्टमध्ये होम हे व्हेरिएबल /रूट आहे ना तेही बघा, नाहीतर तो फाइल भलतीकडेच शोधतो. -वाय -वाय लावून तपासणीच बंद करायचा सल्ला जालावर जागोजागी मिळेल. तो घेऊ नका. मग मधला कुणीही सर्व्हर बनून बसेल.

पोर्ट न मिळण्याचं कारण: वीज जाते तेव्हा बोर्ड निरोप न घेता जातो. सर्व्हरला वाटतं जुनं सेशन जिवंत आहे आणि २२०७ पोर्ट त्यानंच धरून ठेवलेला. सर्व्हरवर क्लायंटअलाइव्हइंटरव्हल ३० आणि क्लायंटअलाइव्हकाउंटमॅक्स ३ ठेवा, दीड मिनिटात मेलेलं सेशन तुटतं. बोर्डच्या बाजूला डीबीक्लायंटला -के ३० (मोठा के) आणि -ओ एक्झिटऑनफॉरवर्डफेल्युअर=येस. म्हणजे पोर्ट मिळाला नाही तर तो नुसता लटकत न राहता बाहेर पडेल. भोवती व्हाइल लूप, मध्ये स्लीप २०.

सर्व्हरवरच्या ऑथराइज्ड_कीजमध्ये प्रत्येक बोर्डच्या ओळीआधी ‘रिस्ट्रिक्ट,पोर्ट-फॉरवर्डिंग,परमिटलिसन,कमांड’ घाला (मध्ये मोकळी जागा नको), परमिटलिसनमध्ये त्या बोर्डचाच पोर्ट, कमांडमध्ये /बिन/फॉल्स; नुसत्या रिस्ट्रिक्टनं कमांड चालवणं बंद होत नाही. परमिटलिसन ओपनएसएसएच ७.८ पासून आहे. पेटी चोरीला गेली तरी त्या किल्लीला सर्व्हरवर शेल मिळत नाही, आणि ती एक ओळ पुसली की विषय संपला.

---

शाहूपुरी_शेल

टनेल आलाय म्हणजे आणखी एक सांगतो. सर्व्हरवरून तुम्ही लोकलहोस्टच्या वेगवेगळ्या पोर्टांवर जाणार. उद्या पोर्टांची वाटणी बदलली की परत किल्ली बदलल्याची बोंब. लॅपटॉपच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये प्रत्येक बोर्डसाठी होस्टकीअलियास लिहा, ‘पंप-०७’ अशा धर्तीवर. मग नोंद पत्त्याच्या नावानं न होता त्या नावानं होते. आयपी, पोर्ट काहीही बदलो.

नोंद मात्र डोळे मिटून ‘येस’ म्हणून करू नका. बोर्ड टेबलावर असतानाच सिरियलवरून ड्रॉपबेअरकी -वाय -एफ नं होस्ट किल्लीचा ठसा (फिंगरप्रिंट) काढा आणि पेटीच्या नंबरासोबत वहीत घ्या.

पासवर्ड बंद करणं सगळ्यात शेवटी. /ईटीसी/डिफॉल्ट/ड्रॉपबेअर मध्ये ड्रॉपबेअर_आर्ग्ज ला -एस (लहान) द्या. पहिलं सेशन उघडं ठेवून दुसऱ्या खिडकीतून किल्लीनं आत शिरून दाखवा, मगच इमेज पाठवा. सिरियलची केबल तोवर लावलेली असू द्या: ११५२००, ८एन१, यूएसबी-टीटीएल ३.३ व्होल्टचीच, टीएक्स-आरएक्स उलटसुलट, ग्राउंड जोडायचा, व्हीसीसी मोकळी. ५ व्होल्टची केबल लावलीत तर ती पिन जाऊ शकते.

---

तिसरी_पाळी

अधिकचं एक: बोर्डवर घड्याळाची बॅटरी नसेल तर बूटनंतर १९७० दाखवेल. साध्या किल्ल्यांना त्यानं काही फरक पडत नाही, त्यांना मुदत नसते. कुणी एसएसएच सर्टिफिकेटं वापरा म्हणालं तर मात्र आधी वेळ लावायची सोय बघा, नाहीतर ‘अजून लागू नाही’ म्हणून अडेल.

आणि फॅक्टरी रीसेटचं बटण ठेवणार असाल तर त्यानं ऑथराइज्ड_कीज इमेजमधल्या मूळ प्रतीवर आणायची, होस्ट किल्लीला हात लावायचा नाही. नाहीतर वहीतला ठसा खोटा पडतो.

---

पंचगंगा_पंप

टनेल बूटपासून उभा राहतोय, दोन मिनिटांत पोर्टही परत मिळतो. पाच साइटवर नवी इमेज टाकली. आता फक्त एकच: नव्या लॅपटॉपवरून एससीपी केलं (एसएसएचवरून फाइल पाठवली) की ‘एसएफटीपी-सर्व्हर: नॉट फाउंड’. जुन्या लॅपटॉपवरून तीच फाइल जाते. किल्लीशी काही संबंध?

---

शाहूपुरी_शेल

किल्लीशी नाही. ओपनएसएसएच ९.० पासून एससीपी आतून एसएफटीपी वापरतं, आणि ड्रॉपबेअरसोबत तो सर्व्हर येत नाही. एससीपीला -ओ द्या. मोठा ओ, शून्य नव्हे.